चेक इंजिनचा दिवा लागला? सोलेनॉइड बदलण्याआधी कोडचा नंबर मागा

विशेष | वडोदरा, प्रतिनिधी

आपल्या भागातून बडोद्याला जाणारे लोक काही कमी नाहीत. कुणाचं दवाखान्याचं काम असतं, कुणाची मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते, कुणाचे नातेवाईक दांडिया बाजारात तीन-चार पिढ्यांपासून राहिलेले. गेल्या काही वर्षांत आणखी एक कारण वाढलंय. जुनी गाडी. तळोदा, अक्कलकुवा, नवापूर, कुठल्याही चौकात दहा मिनिटं उभं राहा, जीजे-०६ पासिंगची एखादी छोटी कार दिसणारच. जीजे-०६ म्हणजे बडोदा. तिथे गाडी लवकर बदलतात, रस्ते बरे आहेत, भावही जमतो, असं म्हणून आपण घेऊन येतो. मीही आणली. २०२५ च्या सुरुवातीला, एजंटमार्फत. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, मीटरवर ५८ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता.

पावसाळ्यात एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, इंजिनच्या आकाराचा. गाडी चालत होती, पण पिकअप गेल्यासारखा वाटत होता आणि उभी असताना हुंदके देत होती. आपल्याच भागातल्या एका गॅरेजला नेली. त्याने स्टिअरिंगखाली मशीन जोडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘‘कॅमशाफ्टचा एरर आहे. सोलेनॉइड गेलेत, दोन्ही बदलावे लागतील.’’ मी बी.कॉम. माणूस. डेबिट-क्रेडिट कळतं, कॅमशाफ्ट नाही कळत. हो म्हणालो. बिल असं झालं: सोलेनॉइड २ नग, प्रत्येकी २,९००, मजुरी १,२००, स्कॅनिंग ४००. एकूण ७,४००. दिवा गेला. नऊ दिवसांनी परत आला.

हा लेख त्या ७,४०० रुपयांवर आहे. ते कसे वाचले असते, हे मला नंतर बडोद्यातल्या एका मिस्त्रीने समजावलं. आपल्याकडे अशा गाड्या इतक्या झाल्यात की एकट्याने समजून ठेवण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

हा सोलेनॉइड करतो काय?

इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह असतात आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते उघडायचं-मिटायचं काम कॅमशाफ्ट करतो. खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वरचा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. दोघांना चेन किंवा बेल्टने बांधलेलं असतं. जुन्या गाड्यांत ही गाठ पक्की असायची. व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते कारखान्यात ठरलं की ठरलं. मग इंजिन सिग्नलला उभं असो की हायवेवर ४,००० आरपीएमला पळत असो, वेळ तीच.

अडचण अशी की दोन्ही ठिकाणी एकच वेळ सोयीची नसते. हळू चालताना व्हॉल्व्ह जरा उशिरा उघडलेले बरे, म्हणजे इंजिन शांत राहतं. जोर हवा असेल तेव्हा थोडे लवकर उघडलेले बरे. म्हणून कॅमशाफ्टच्या टोकाला एक चक्की बसवली, तिला फेजर म्हणतात. तिच्या आत कप्पे असतात. एका बाजूच्या कप्प्यात इंजिन ऑइल दाबाने गेलं की कॅमशाफ्ट थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला गेलं की मागे. सरकून सरकून किती, तर क्रँकच्या मापाने साधारण ४०-५० अंशांपर्यंत. यालाच व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग म्हणतात, गाडीच्या मागे ‘व्हीव्हीटी’ किंवा ‘व्हीटीव्हीटी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं ते हेच.

आता ऑइल कोणत्या कप्प्यात सोडायचं, हे कोण बघणार? तो आपला सोलेनॉइड. शेतकरी वाचकाला एका वाक्यात सांगता येईल: पाटाच्या पाण्याला दारं धरणारा गडी. मुख्य पाट म्हणजे ऑइल पंपाकडून येणारी लाइन. गडी एका वाफ्याचं दार उघडतो, दुसऱ्याचं बंद करतो. कोणतं उघडायचं याचा हुकूम गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू देतो. दोन वायरींतून वीज सेकंदात कितीतरी वेळा चालू-बंद करून. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक बारीक दांडा. वेटोळ्यात वीज आली की दांडा सरकतो, वीज गेली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. संपला विषय. करंगळीपेक्षा थोडा जाड आणि बोटभर लांबीचा हा तुकडा, त्यावर दोन-तीन ठिकाणी पातळ जाळी.

इथेच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. गडी चांगला असेल पण पाटात गाळ असेल तर वाफ्यात पाणी पोचेल का? नाही पोचणार. आणि त्यावर उपाय म्हणून आपण गडीच बदलला, तर?

ही युक्ती काही कालची नाही. विक्रीच्या गाडीत ती पहिल्यांदा १९८० मध्ये इटलीच्या अल्फा रोमिओने आणली. होंडाने १९८९ पासून स्वतःची वेगळी पद्धत आणली, व्हीटेक. आपल्याकडे छोट्या गाड्यांत ती गेल्या पंधरा वर्षांत पसरली. मारुतीने २०११ च्या स्विफ्टमध्ये व्हीव्हीटी दिलं. ह्युंदाईच्या २०१३ च्या ग्रँड आय-१० मध्ये दोन्ही कॅमशाफ्टला दिलं, म्हणून ‘ड्युअल’. फोर्डने २०१५ मध्ये अहमदाबादजवळच्या साणंदला बनवलेल्या फिगो आणि अस्पायरच्या पेट्रोल इंजिनातही दोन्हीकडे. त्या फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातल्या गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि कारखाना पुढे टाटांकडे गेला. बडोद्याजवळच्या हलोलला १९९६ पासून असलेला जनरल मोटर्सचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला, तिथे आता एमजीच्या गाड्या बनतात. सांगायचं कारण, गुजरातमधून येणाऱ्या जुन्या गाड्यांत अशा ‘माहेर सुटलेल्या’ गाड्याही असतात. त्यांचे अस्सल पार्ट मागवायला चार दिवस लागतात आणि त्या चार दिवसांत गॅरेजवाला जे हाताशी असेल ते बसवतो.

बरं, बडोदा हे यंत्रांचं शहर काही आज झालेलं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातात हत्यार धरणारे लोक तयार व्हावेत म्हणूनच. चित्रपटवाले दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आजच्या मनेजा भागात शेफ्लरचा बेअरिंगचा मोठा कारखाना आहे, आणि हाच जर्मन समूह जगभरातल्या गाड्यांसाठी कॅमशाफ्टचे फेजरही बनवतो. असो, मूळ गोष्टीकडे येऊ.

मिस्त्रीने पहिला प्रश्न काय विचारला

नवव्या दिवशी दिवा आला तेव्हा मी मावशीला डोळ्यांच्या तपासणीला बडोद्याला घेऊन चाललो होतो. अक्कलकुव्यावरून सागबारा, डेडियापाडा, राजपीपळा, डभोई. सागबाऱ्याच्या पुढच्या चढाला गाडी तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात टाकावी लागली. बडोद्यात शिरल्यावर पहिल्याच सिग्नलला बंद पडली. चालू केली, पुढच्या सिग्नलला परत बंद. मागे हॉर्न, शेजारी मावशी, तिच्या डोळ्यात सकाळीच टाकलेलं औषध. ती म्हणाली, ‘‘तू रिक्षा बघ बाबा, मी जाते.’’ तिला रिक्षात बसवून दिलं. मग मकरपुऱ्याच्या बाजूला नातेवाइकाच्या ओळखीचा एक मिस्त्री आहे त्याच्याकडे गाडी कशीबशी नेली. साठीचा माणूस, मराठी, पण बोलताना दर तिसरा शब्द गुजराती.

मी सांगितलं, सोलेनॉइड नवीनच टाकलेत, तरी दिवा आला.

तो म्हणाला, ‘‘भाऊ, कोड शुं आव्यो हतो? कोड काय होता?’’

मला माहीत नव्हतं. बिलावर नव्हता. गॅरेजवाल्याने सांगितला नव्हता आणि मी विचारला नव्हता.

२०१३ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं आहे. म्हणजे स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, आणि बिघाड झाला की ईसीयू ठरावीक नंबर लिहून ठेवतो. नंबर जगभर तेच. मिस्त्रीने मशीन लावलं आणि मला स्क्रीन दाखवली. दोन नंबर होते: पी-००११ आणि पी-००१३. तो म्हणाला, हे दोन वेगवेगळे आजार आहेत, एक औषध चालणार नाही.

मी त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं, तेच इथे देतो. हवा आत घेणाऱ्या, म्हणजे इनटेक बाजूसाठी पी-००१०, ००११ आणि ००१२. धूर सोडणाऱ्या, म्हणजे एक्झॉस्ट बाजूसाठी पी-००१३, ००१४ आणि ००१५.

पी-००१० किंवा ००१३ आला तर तक्रार विजेची आहे. ईसीयू म्हणतोय, मी हुकूम पाठवतोय पण तार तुटलीय, शॉर्ट आहे किंवा वेटोळं जळलंय. इथे संशय सोलेनॉइडवर, त्याच्या कनेक्टरवर आणि वायरींवर घ्यायचा.

पी-००११, ००१२, ००१४, ००१५ आले तर तक्रार हालचालीची आहे. विजेचा हुकूम पोचला, पण कॅमशाफ्ट सांगितला तिथे गेला नाही किंवा गेला तो परत आला नाही. इथे पहिला संशय ऑइलवर. ऑइल कमी आहे का, घाण आहे का, चुकीच्या ग्रेडचं आहे का, जाळी तुंबलीय का. सोलेनॉइडचा दांडा अडकलेला असू शकतो, पण तोही बहुतेक वेळा गाळामुळेच अडकतो.

पी-००१६ दिसला तर थांबायचं. त्याचा अर्थ क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. चेन ढिली झाली असेल, बेल्टचा दात सरकला असेल. सकाळी गाडी चालू करताना एक-दोन सेकंद खडखड आवाज येत असेल तर फेजर किंवा चेनकडे बघायला हवं. सोलेनॉइड बदलून तो आवाज जाणार नाही, आणि तशीच चालवली तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून खर्च पन्नास हजारांच्या घरात जाऊ शकतो.

मग त्याने बोनेट उघडलं आणि पहिलं काम डिपस्टिक काढायचं केलं. मशीन, मीटर सगळं नंतर. ऑइल पातळीवर होतं, पण डांबरासारखं. त्याने दोन बोटांत घासलं आणि विचारलं, ‘‘कोणतं भरलंय?’’ हे मात्र मला माहीत होतं, बिल होतं ना. गाडी घेतल्यावर पहिल्या सर्व्हिसला गावातल्या गॅरेजने २०डब्ल्यू-५० भरलं होतं. आमच्याकडे जीप, ट्रॅक्टर, पिकअप यांचा राबता, दुकानात तेच पुढे ठेवलेलं असतं. ‘‘जाड ऑइल चांगलं, इंजिनला टिकाऊ,’’ असं मलाही सांगितलं होतं आणि मलाही पटलं होतं. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातच होतं, विमाच्या कागदाखाली.

यातला पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा गरम झाल्यावरचा जाडपणा. व्हीव्हीटी इंजिनात ऑइल फक्त वंगण नसतं, ते काम करणारं द्रव असतं, जेसीबीच्या हायड्रॉलिक ऑइलसारखं. दांड्याभोवतीची फट केसाएवढी. तिथून जाड ऑइल वेळेवर जात नाही; कॅमशाफ्ट उशिरा हलतो; ईसीयू वाट बघतो आणि शेवटी दिवा लावतो. शिवाय जुन्या मालकाने गाडी शहरात रोज चार-पाच किलोमीटर चालवली असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही, आत ओलावा साठतो, ऑइल लवकर चिकट होतं. कमी किलोमीटर म्हणजे गाडी चांगली, हे आपलं गणित इथे चुकतं.

जुने पार्ट परत मागायची सवय

मला एक खोड आहे. जुना पार्ट परत मागायचा. घरात कुणी म्हणतं भंगार गोळा करतो. मी म्हणतो, हे व्हाउचर आहे. गावच्या गॅरेजमधून काढलेले दोन्ही जुने सोलेनॉइड मी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकले होते. मिस्त्रीला सांगितलं तसा तो एकदम खूश झाला. ‘‘लावो, लावो.’’

मल्टिमीटर घेतला. सोलेनॉइडच्या दोन पिनांवर टोकं टेकवली. पहिला ७.३ ओहम, दुसरा ७.४. माझ्या गाडीच्या इंजिनासाठी सात-साडेसात हेच बरोबर माप आहे. दुसऱ्या कंपन्यांत ते बारापर्यंतही असतं, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघावं. मीटरवर आकडाच आला नाही तर वेटोळं तुटलेलं, शून्याजवळ आला तर आत शॉर्ट. मग त्याने बॅटरीची वीज क्षणभर टेकवली. टक्. काढली. टक्. दांडा पुढे-मागे होताना भोकातून दिसतो. जास्त वेळ वीज धरायची नाही, वेटोळं तापून जळतं, सेकंदभर पुरे.

दोन्ही जुने चांगले होते. फक्त जाळीत काळा गाळ बसला होता.

आणि नवीन? गाडीतला एक्झॉस्टचा नवा सोलेनॉइड थंड असताना ठीक दाखवत होता. इंजिन तापल्यावर मीटर कधी आकडा दाखवे, कधी गप्प. वर कंपनीचा छाप होता पण नंबर पुसट, अक्षरं वाकडी. डुप्लिकेट. त्याच बाजूच्या कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती, चिंचेने न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी. पी-००१३ नेमका पार्टमुळे आला की पिनमुळे, हे मिस्त्रीनेही छातीठोक सांगितलं नाही. त्याने दोन्ही दुरुस्त केलं.

इथे एक सोपी चाचणीही त्याने सांगितली. इनटेक आणि एक्झॉस्टचा सोलेनॉइड एकाच पार्ट नंबरचा असेल, तर दोघांची अदलाबदल करायची, कोड पुसायचा आणि गाडी चालवायची. आधी ००११ येत होता आणि आता ००१४ आला, तर दोष सोलेनॉइडबरोबर पलीकडे गेला; म्हणजे तोच खराब. परत ००११ च आला तर सोलेनॉइड निर्दोष, ऑइल किंवा फेजर बघा. फुकटात होते ही चाचणी. पण पार्ट नंबर वेगळे असतील तर अजिबात करू नये. दिसायला सारखे असतात, आतली भोकं वेगळी असतात.

बदलायचं कसं

खरं काम वीस मिनिटांचं आहे. मिस्त्रीने पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः स्टुलावर बसला. माझ्या गाडीत दोन्ही सोलेनॉइड इंजिनच्या वरच्या बाजूला, टायमिंग कव्हरजवळ आहेत, हात पोचतो. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा किंवा एखादा पाइप आधी काढावा लागतो.

इंजिन थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. मग सोलेनॉइडच्या आजूबाजूची धूळ ब्रशने आणि फडक्याने साफ करायची, कारण तो निघाला की तिथे उघडं भोक राहतं आणि त्यात पडलेला खडा सरळ ऑइलच्या वाटेत जातो. मला हे काम फालतू वाटलं होतं, मिस्त्रीने दोनदा करायला लावलं. कनेक्टरची खिट्टी दाबून तो काढायचा, वायर धरून ओढायचा नाही. जुन्या गाडीत प्लास्टिक कडक झालेलं असतं, खिट्टी तुटली की कनेक्टर पुढे हलत राहतो. मग एकच बोल्ट, बहुतेक ठिकाणी १० चा पाना.

बोल्ट निघाला की सोलेनॉइड हाताने थोडा डावी-उजवीकडे फिरवून वर ओढायचा. चिकटलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, करायचं नाही, खाली ॲल्युमिनियम आहे, चरा पडला की ऑइल गळणार. थोडं ऑइल सांडेल, खाली फडकं ठेवावं. आणि सोलेनॉइड बाहेर आल्यावर रबरी ओ-रिंग त्याच्याबरोबर आली का, हे बघायचंच. ती आत चिकटून राहिली आणि वरून दुसरी बसली, तर दोन रिंगा एकमेकीवर चढतात आणि आठ दिवसांत इंजिनवर ऑइलचा ओघळ दिसतो. तो ओघळ गरम सायलेन्सरवर गेला तर धूरही निघतो.

माझे जुने सोलेनॉइड त्याने कार्ब क्लीनरच्या फवाऱ्याने धुतले, जाळीतला गाळ मऊ ब्रशने काढला, ओ-रिंग काढून नव्या घातल्या. ओ-रिंगला बोटाने ताजं इंजिन ऑइल लावलं. ग्रीस नाही, ऑइलच. मग सरळ भोकात ठेवून अंगठ्याने दाबायचा, बसताना हलका ‘गप्प’ असा जाणवतो. हातोडीचं इथे काही काम नाही. बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवायचा, मग पान्याने. ताण फार कमी असतो, १० न्यूटन-मीटरच्या आसपास. चाकाचे नट आवळायची सवय असलेल्या हाताने आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. मी आवळताना मिस्त्री ओरडला, ‘‘बस, बस! सायकल नाही ती.’’

पुढे ऑइल आणि फिल्टर बदलला. ५डब्ल्यू-३०, साडेतीन लिटर. मी म्हटलं, आतून फ्लश मारून घेऊ का, जाहिरातीत दाखवतात तसं? तो नको म्हणाला. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटला तर खाली ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो, आणि पंपालाच ऑइल मिळालं नाही तर इंजिनच बसतं. त्यापेक्षा हे ऑइल दोन हजार किलोमीटरवरच बदल, नवं ऑइल हळूहळू गाळ घेऊन येईल.

कोड पुसला. गाडी चालू केली, पाच मिनिटं उभी ठेवली, टॉर्च मारून गळती बघितली. मग डभोई रोडला वीस किलोमीटर. दिवा नाही.

बिल: ऑइल आणि फिल्टर १,९५०, कनेक्टर २८०, ओ-रिंग ८०, मजुरी ७००. एकूण ३,०१०. सोलेनॉइड शून्य. आधीचे ७,४०० कोणत्या खात्यात टाकायचे, ते मी अजून ठरवलेलं नाही. गावच्या गॅरेजवाल्याला फोन केला, तो म्हणाला, आम्हाला होलसेलवाल्याने ओरिजिनल म्हणूनच दिले. तेही खरं असेल. बिलावर पार्ट नंबर लिहून मागितला असता तर भांडायला काही हातात असतं. पार्टच्या डब्यावर नंबर असतो, तो बिलावर उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत.

हिरवी पिन कुठून आली

निघताना मिस्त्री म्हणाला, ‘‘भाऊ, गाडी कधी घेतली? कुणाची होती?’’ मी सांगितलं, एजंटकडून, २०२५ मध्ये. त्याने काही न बोलता पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं. सीटच्या पट्टीला, खाचेत, बारीक वाळलेला गाळ. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची रेघ.

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बडोद्याने जे पाहिलं ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. अर्धं शहर पाण्यात, सोसायट्यांत मगरी, लोकांना काढायला लष्कर आणि एनडीआरएफ. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडून असाच पूर आला होता. अशा वेळी पार्किंगमधल्या गाड्यांचं काय होतं, याचा विचार आपण करत नाही. काहींना विमा कंपनी निकालात काढते. काही धुऊन, सुकवून, सेंट मारून विकायला निघतात. शहरातला गिऱ्हाईक हुशार झालेला असतो, मग ती गाडी लांब जाते. किती लांब, हे मला माझ्या सीटबेल्टने सांगितलं.

पाणी आत गेलं की इंजिन लगेच मरतं असं नाही. पिना आतल्या आत गंजत राहतात. सोलेनॉइड, सेन्सर, एबीएस, एअरबॅग, सगळ्यांचे कनेक्टर. वर्षभराने एकेक दिवा लागायला सुरुवात होते, आणि आपण एकेक पार्ट बदलत बसतो.

म्हणून बडोदा, सुरत, कुठूनही गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. स्टेपनी काढून तिच्या खोबणीत गाळ आहे का बघा. फ्यूजच्या डब्यात आणि बोनेटखालच्या एक-दोन कनेक्टरांत डोकवा, पिना हिरव्या-पांढऱ्या असतील तर परत फिरा. आरसी आणि विम्याची मुदत वाहन पोर्टलवर दिसते, पण पूर दिसत नाही. विमा कंपनीकडे क्लेमचा इतिहास मालकालाच मागायला लावा, तो टाळाटाळ करेल तर उत्तर मिळालंच. मशीन लावून कोड बघणारा ओळखीचा माणूस बरोबर न्या, किंवा हजारभर रुपयांत मिळणारं ब्लूटूथचं छोटं यंत्र मोबाइलला जोडून स्वतःच बघा. नुकतेच कोड पुसलेले असतील तर तेही त्यात कळतं, तपासण्या ‘अपूर्ण’ असं दाखवतं. आणि गाडी घेतलीच तर एनओसी आणून एमएच-३९ ला पासिंग करून घ्या, दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर कायद्याने करावंच लागतं.

एजंट आता फोन उचलत नाही. मी गाडी विकलेली नाही. विकायची तर पुराचं सांगून विकावी लागेल आणि मग भाव काय येणार ते माहीत आहे. दोन हजार किलोमीटरवर ऑइल बदललं, तेव्हा परत काळंच निघालं, पण बोटांत घासल्यावर पातळ होतं. इनटेकचा दुसरा नवा सोलेनॉइड मीटरवर ठीक दाखवतो, पण लावायची हिंमत होत नाही, कपाटात ठेवलाय. मावशीची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तिने आत्ताच विचारलंय, त्याच गाडीने जायचं आहे का.